गाडी मोकळी झाली की

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या जऊळक्याची हवा खाजरी होते. मळणीयंत्रातून उडालेलं कुटार, म्हणजे शेंगांचा तो बारीक भुसा, वाऱ्याबरोबर गावात शिरतं आणि दोरीवरच्या साडीपासून चहाच्या कपापर्यंत कुठंही जाऊन बसतं. मान खाजते, डोळे चुरचुरतात, आणि तरी मला या दिवसांचा वास आवडतो. कोरडा, किंचित गोडसर, उन्हात तापलेल्या पोत्याचा असतो तसा. परवा सकाळी शाळेला जायला स्टेशनाकडे निघाले आणि तो वास आला. गेल्या वर्षी याच दिवसांत, हाच वास नाकात भरून मी लेकीला आणायला इंझोरीला गेले होते. पाय आपोआप मंदावले.

मी वाशीमच्या एका शाळेत शिकवते आणि जऊळक्याहून रोज रेल्वेनं जाते. लग्न होऊन आले तेव्हापासून हाच क्रम आहे. घर स्टेशनापासून चालत जाण्याच्या टप्प्यात आहे, शेत रुळाच्या पलीकडे. या हंगामात पॅसेंजरच्या डब्यात सीताफळांच्या टोपल्या येतात. त्यांचा पिकू घातलेला वास, सोंगणीला, म्हणजे कापणीला, निघालेल्या बायकांच्या डोक्याला बांधलेल्या रुमालांचा घामट वास, कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा झणका, असं सगळं खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्यात कालवलेलं असतं. बाहेर तूर पिवळ्या फुलांवर आलेली असते. तुरीत गडी उभा असला तर नुसतं डोकं दिसतं. हे मी इतकी वर्षं पाहते आहे, पण खिडकीची जागा मिळाली नाही तर अजून लहान मुलीसारखी रुसते.

आमच्याकडे चारचाकी नाही. घेता आली असती. दोघांचं मिळून बरं चाललं आहे, आणि एकदा तर आमचे हे रंगसुद्धा ठरवून आले होते. मग दोघं ओसरीवर बसून विचार करू लागलो की तिच्यातून जायचं कुठं? मला शाळेत रेल्वे नेते, ह्यांना शेतात पाय नेतात, बाजाराला सायकल आहे. गाडी दारात उभी राहील आणि तिच्यासाठी आपल्याला कामं शोधावी लागतील, असं हे म्हणाले. विषय तिथंच मिटला, पण लोकांच्या तोंडचा मिटला नाही. लग्नकार्यात गेलं की यजमान पाण्याच्या आधी विचारतो, "गाडी कुठं लावली?" मी म्हणते, "स्टेशनावर." ते खोटंही नसतं. माणूस बिचारा मान डोलावतो आणि पुढच्या पाहुण्याकडं वळतो.

गाडीवर माझा राग आहे असं कुणी समजू नये. ह्यांच्या छातीत कळ आली होती तेव्हा शेजारच्यांनी गाडी काढली आणि वाशीमच्या दवाखान्यात पोचवलं. त्या गाडीला मी मनोमन हात जोडले आहेत. पण दळण आणायला गाडी, कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला गाडी, हे पाहिलं की माझ्यातली बाई, म्हणजे वर्गातली, जागी होते. वाशीमच्या रस्त्यावर एकेका गाडीत एकेकटा माणूस काचा लावून बसलेला असतो, धूर मात्र आम्हा चालणाऱ्यांच्या वाट्याला. रस्ता रुंद करायला कडेचे कडुनिंब गेले. त्यांची सावली कुठं कुठं पडायची हे मला अजून पाठ आहे, उन्हाळ्यात तिथं तिथं माझी पावलं सवयीनं रेंगाळतात. गाडीतल्या माणसाला ती झाडं गेलेली कळलीसुद्धा नसतील.

आमची एकुलती रेणुका, रेणू, इंझोरीला दिली. चांगलं घर, ओलिताची शेती, माणसं मायेची, आणि दारात मोठी पांढरी गाडी. लग्न ठरलं तेव्हा आमच्या गल्लीला त्या गाडीचंच कौतुक. "पोरगी नशिबाची हो, मनात आलं की गाडीत बसून माहेरी येईन," असं जो तो म्हणायचा. मीही सुखावले होते, का नाही सुखावणार? आईला लेकीच्या सासरचं घर दिसतं, विहीर दिसते, पण त्याआधी तिथून आपल्या दारापर्यंतचा रस्ता दिसतो. तो सोपा असावा एवढंच मागणं असतं.

मग पहिली दिवाळी जवळ आली. फोन केला की रेणू म्हणायची, "आई, गाडी मोकळी झाली की येतो." आमच्या वऱ्हाडात बाईमाणूसही असंच 'येतो' म्हणते. आधी गाडी बियाण्याची पोती आणायला गेली होती. मग मळणीयंत्राचा पट्टा तुटला, तो आणायला कारंज्याला गेली. मग जावईबापू मजुरांना आणायला-सोडायला तिच्यातूनच ये-जा करू लागले. वसुबारस तोंडावर आली, मी करंज्यांचं सारण करून ठेवलं, आणि फोनवर तेच वाक्य. "अवं, तू बसनं काहून नाई येत?" मी विचारलं.  ती हळू आवाजात म्हणाली, "घरी गाडी असून सून बसनं गेली तं बरं दिसत नाई म्हन्तात."

फोन ठेवला आणि सारणाच्या डब्यावर झाकण लावलं. कुणी तिला डांबून ठेवलं नव्हतं, कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. सगळे तिला पाठवायला तयारच होते. पण माहेरी यायचं की नाही, कधी यायचं, हे आता एका चाव्यांच्या जुडग्यावर ठरत होतं, आणि ते जुडगं तिच्या हातात नव्हतं. लग्नाआधी हीच पोरगी माझ्याबरोबर पॅसेंजरनं वाशीमला कॉलेजात जायची, उशीर झाला तर पळत येऊन चालत्या गाडीचा दांडा धरायची आणि माझ्या शिव्या खायची. ती आता गाडी मोकळी होण्याची वाट पाहत बसली होती. पहिल्याच वर्षी अशी सवय लागली तर जन्मभर तशीच राहील, याची मला भीती वाटली.

लेकीला सासरहून आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. भाऊ जातो, नाही तर बाप, नाही तर चुलतभाऊ. रेणूला भाऊ नाही. ह्यांची सुडी, कापून रचलेल्या सोयाबीनची गंजी, शेतात उभी होती, आभाळ रोज दुपारी भरून यायचं, सोंगलेलं सोयाबीन सोडून त्यांना हलता येईना. मी म्हटलं, मी जाते. समोरच्या गोदाकाकू ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांचा हातच थांबला. "अवं बाई कधी मुऱ्हाळी जाते का? अन् थेही बसनं?"

"काकू, पाय तं बाईलेही दोनच अन् बाप्यालेही दोनच," मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

त्या प्रवासाचे तुकडे तेवढे आठवतात. वाशीमच्या स्टँडवर फुललेला झेंडूचा बाजार. मंगरूळपीरला बस बदलताना मिळालेला आलं घातलेला चहा. मानोऱ्याच्या पुढं रस्ता अर्धा पिवळा झाला होता. लोकांनी डांबरावर सोयाबीन वाळत घातलं होतं आणि कडेनं दगड मांडले होते, कुणी वरून चाक नेऊ नये म्हणून. बसचा ड्रायव्हर दगड चुकवत अशा बेतानं बस काढत होता की एक दाणा चिरडला गेला नाही. दाणे राखणारी म्हातारी बस जवळ आली की खराटा उचलून उभी राहायची आणि बस गेली की ड्रायव्हरला हात करायची. मागून एक चारचाकी आली, भोंगा वाजवत राहिली. तिला घाई होती, आणि अर्ध्या रस्त्यावर कुणाची तरी दिवाळी वाळत पडली होती. बसमधल्या आम्हा बायकांना मात्र कसलीच घाई नव्हती. शेजारणीनं माझ्या हातावर सीताफळ ठेवलं आणि म्हणाली, "बिया खाली टाकू नको, पिशवीत ठेव, बांधावर लावजो."

इंझोरीला मला दारात पाहून सगळे गोंधळले. व्याही उठून उभे राहिले. "अवं, फोन तं कराचा, गाडी पाठवली असती!"

"मोकळी असती तं पाठवली असती ना," मी हसत म्हटलं.

तेही हसले, पण चेहरा जरा उतरला. म्हणाले, "ईहीनबाई, दोन रोज थांबा, मळणी झाली की पोरगा तुमाले दोघीलेही सोडून देईन. सुनेले बसनं नेता, लोक काय म्हन्तीन?" माणूस मनानं वाईट नव्हता. त्याला सुनेची सोयच पाहायची होती. रेणू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडं पाहत होती, व्याह्यांकडं पाहत होती, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आपण चुकीचं तर नाही केलं, पोरीला सासरी मान खाली घालायला तर नाही लावली, असं मला त्या क्षणी वाटून गेलं. मी पाणी मागितलं.

पाणी घेऊन विहीणबाई आल्या. कौशल्याबाई. कमी बोलणाऱ्या, बसक्या बांध्याच्या, हातात सदा काहीतरी काम. मला आत घेऊन गेल्या आणि चुलीपाशी पाट दिला. मी चहा प्यायले. मग एकदम म्हणाल्या, "बसमंधी गर्दी होती का?"

मी सांगितलं सगळं. झेंडू, चहा, खराटेवाली म्हातारी. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीबी जात होती पयले. माहं माहेर मंगरूळच्या अलीकडं हाये. फाट्यावर उतराचं अन् आत पायी जाचं. लेकरू कडेवर, पिशवी डोक्यावर. पोहऱ्याच्या जत्रेच्या टायमाले तं उभ्यानं गेली हाये, पाय ठेवाले जागा नसे. पन मनात आलं की जाये. दोन-दोन रोज राहे. आईजवळ झोपे." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मंग गाडी आली. मंग बसनं जानं बरं दिसेना. आता वरसातून एखांद्यावेळी पोरगा नेते. थो बाहीर गाडीत बसून राह्यते, त्याले काम असते. मी आत बसली का भोंगा वाजते. आई म्हन्ते, जाय बाई, कोनी थांबलं तुह्यासाठी. चहा बी थंडा होत नाई."

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. कुणी अन्याय केला असता तर भांडता आलं असतं. इथं तर घरात भरभराट आली होती. आलेल्या भरभराटीनं एका बाईच्या पायाखालचा रस्ता काढून घेतला होता, आणि घरात कुणाला ते दिसलंही नव्हतं. रेणू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. सासूला एवढं बोलताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

कौशल्याबाई उठल्या, बाहेर गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जाऊ द्या तिले. आज जाऊ द्या." व्याह्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

त्या आम्हाला पोचवायला फाट्यापर्यंत आल्या. रेणूची बॅग त्यांनीच धरली होती. बस आली, मी चढले, रेणू चढली, त्यांनी बॅग वर दिली आणि दारातला दांडा धरून तशाच उभ्या राहिल्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, येनं हाये का?" त्या दचकल्या. दांड्यावरचा हात काढून घेतला. "नाई, पोचवाले आली होती," म्हणाल्या. बस निघाली तेव्हा रेणू मागच्या काचेतून बराच वेळ पाहत होती. मंगरूळच्या अलीकडं तो फाटा आला, कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. आत जाणाऱ्या वाटेवर सोयाबीन वाळत घातलेलं होतं. रेणू एवढंच म्हणाली, "हाच हाये ना?"

ती दिवाळी चांगली झाली. परत जाताना रेणू एकटी गेली, बसनं, आणि त्यानंतर वर्षभरात मनाला येईल तेव्हा आली. व्याह्यांनी दोन-तीनदा नाक मुरडलं, मग त्यांना सवय झाली. जावईबापू तर एकदा तिच्याबरोबर पॅसेंजरनं आले आणि खिडकीशी बसून तुरीकडं पाहत म्हणाले, "हे तं मले कधी दिसलंच नव्हतं." मीही शाळेत जरा धीट झाले. आमच्या शाळेतल्या बाया एकाच वस्तीतून चार वेगळ्या गाड्यांवर येतात. मी त्यांना म्हटलं, एक दिवस चालत या, गप्पा मारत या. आधी हसल्या. आता तिघी चालत येतात. एकीची कंबर दुखायची थांबली आहे असं ती सांगते. चौथी अजून स्कूटीवरच येते, पण फाटकाशी थांबून या तिघींच्या गप्पा ऐकत राहते. पोरांनाही मी सांगते, पण पोरं सांगून ऐकत नाहीत. घरातली मोठी माणसं कशी जातात-येतात, तेवढं पाहतात.

मला वाटतं, आपण कशानं जातो यावर आपल्याला कोण भेटतं हे ठरतं. रेल्वेच्या डब्यात मला माझं गाव रोज नव्यानं भेटतं. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचं सोयाबीन भिजलं, कुणाची सून रुसली, हे मला वर्तमानपत्राआधी कळतं. चालताना पायाला जमीन कळते, ती कधी ओली झाली, कधी भेगाळली. हवा चांगली राहावी, धूर कमी व्हावा, उन्हाळे इतके तापू नयेत, हे सगळं मला हवंच आहे. पण खरं सांगायचं तर मी चालते त्यामागं एवढा मोठा विचार नसतो. मला कुणासाठी थांबावं लागू नये आणि कुणाला माझ्यासाठी थांबावं लागू नये, एवढंच असतं.

यंदाची दिवाळीही आली. रेणूनं फोनवर सांगितलं होतं, काल दुपारच्या पॅसेंजरनं येणार म्हणून. मी स्टेशनावर गेले. गाडी आली, सीताफळांच्या टोपल्या उतरल्या, माणसं उतरली, रेणू नाही. फोन लावला तर लागेना. बाकावर बसून राहिले. आधी वाटलं गाडी चुकली असेल. मग मनात नको ते येऊ लागलं. व्याह्यांनी पुन्हा अडवलं असेल, पुन्हा काहीतरी तुटलं असेल, पुन्हा ते वाक्य. वर्षभरात मोकळा झालेला रस्ता एका दिवसात बंद झाला की काय, या विचारानं मला अगदी रडू यायला लागलं. समोर रुळांवर ऊन उतरत गेलं, पलीकडच्या शेतातलं मळणीयंत्र बंद पडलं, आणि बायका कुटार झटकत घरी निघाल्या.

संध्याकाळच्या गाडीनं रेणू आली. उतरली ती हसतच. मी रागावणार तर म्हणाली, "थांब, आधी ऐक. सासूबाई होत्या संगं. फाट्यावर उतरलो आमी. त्याहिच्या माहेरी पोचवून आली मी त्याहिले."

"तू?" मी विचारलं. "घरी सांगून?"

"सांगूनच तं. सकाळी मामंजी म्हने, गाडी मोकळी होऊ द्या. सासूबाई म्हने, गाडी राहू द्या तुमाले, मी सुनेसंगं जातो. अन् चप्पल घातली."

आम्ही रुळाच्या कडेनं घराकडं चालू लागलो. रेणूनं बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. सासूबाईंची आई आता फार थकली आहे, बाजेवरच असते, तिला कमी दिसतं, असं ती सांगत होती. "लेक आली म्हनून सांगतलं तं चेहऱ्यावरून हात फिरवला. पन लक्ष सारं दाराकडं. पुन्हा पुन्हा इचारे, बाहीर कोन थांबलं? सासूबाई म्हने, कोनी नाई, आई. तिचा इश्वासच बसेना. म्हने, पाहून ये एकदा. मंग सासूबाई उठल्या, दारात गेल्या, रस्ता पाहून आल्या. म्हने, खरंच कोनी नाई."

"मंग?"

"मंग आजी बाजेवर जराशी सरकली. सासूबाई तिच्या बाजूले आडव्या झाल्या." रेणूचा आवाज बारीक झाला होता. "मी निघाली तवा दोघीबी झोपल्या होत्या."